तुम्ही कुणाचे?

२००८ साली माझी बदली साताऱ्याहून कोल्हापूरला झाली. पेठेत एक खोली भाड्याने मिळते असं कळलं म्हणून बघायला गेलो. घरमालकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही कुणाचे?"

आता आमच्या साताऱ्याकडे या प्रश्नाचा अर्थ सरळ असतो. मी आडनाव सांगितलं, मूळ गाव सांगितलं, मामांचं गाव सांगितलं, बी.कॉम. झालोय आणि बँकेत क्लार्क आहे हेही सांगितलं. भाडं बुडणार नाही एवढं त्यांना कळावं, हा हेतू. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या वो. फुटबॉलात कुणाचे?"

"फुटबॉलात... कुणाचाच नाही."

त्यांनी माझ्याकडे अनाथाश्रमातल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. "हुईल, हुईल," असा धीर दिला आणि भाडं शंभर रुपयांनी कमी केलं. हेच आमचे आप्पा.

कोल्हापुरात फुटबॉलच्या क्लबांची नावं युनायटेड नि रोव्हर्स अशी नसतात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी असतात. पहिल्यांदा यादी वाचली तेव्हा मला वाटलं, कुस्त्यांची पत्रिका हातात आली. तसं ते फार चुकीचंही नव्हतं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठोपेठी तालमी घुमू लागल्या. पुढे त्याच तालमींतल्या पोरांच्या पायाला चेंडू लागला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघाली. लाल मातीतलं पेठेचं भांडण गवतावर आलं, एवढाच काय तो फरक.

इथे संघ निवडायचा नसतो. तो पत्त्याबरोबर मिळतो. रेशनकार्डावर जशी बायकोमुलं चढतात तसा तो तुमच्या नावावर चढतो. माझ्या नावावर कुठला चढला ते मात्र सांगत नाही. मला अजून कोल्हापुरात जावं लागतं, आणि उरलेल्या पेठांतही बँकेचे ठेवीदार आहेत.

पहिल्याच मोसमात आप्पांनी मला शाहू स्टेडियमवर नेलं. त्यांची पायरी ठरलेली, शेजारी ठरलेले, शिव्यासुद्धा ठरलेल्या. मध्यंतराच्या आधी समोरच्या संघाच्या एका पोराने डोकं वर करून मैदानाच्या पार पलीकडे असा काही पास दिला की चेंडू सांगून ठेवल्यासारखा आपल्या गड्याच्या पायाशी जाऊन थांबला. आणि आप्पांनी टाळी वाजवली! आजूबाजूची वीसपंचवीस डोकी गर्रकन वळली. एकजण ओरडला, "आप्पा, तिकडं जाऊन बसा की मग!"

आप्पा हलले नाहीत. मला म्हणाले, "जोड तोडीची नसंल तर कुस्ती बघाय कोन येतंय?"

त्या वेळी मी हे वाक्य नुसतं ऐकलं. पुढे फुटबॉलच्या इतिहासाची पुस्तकं चाळायचा नाद लागला तेव्हा ते कळलं. कॉमर्सचा माणूस असल्यामुळे मी इतिहाससुद्धा दुहेरी नोंद पद्धतीनेच वाचतो. प्रत्येक जमेला कुठेतरी एक नावे असतं. फुटबॉलमधली खेळण्याची एकेक तऱ्हा जमेला पडली, ती अशीच. समोर कुणीतरी उभं होतं म्हणून.

पहिली नोंद ३० नोव्हेंबर १८७२. ग्लासगोच्या एका क्रिकेटच्या मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. तेव्हाचे इंग्रज खेळाडू म्हणजे एकट्याने चेंडू घ्यायचा, मान खाली घालायची आणि पळत सुटायचं, अशा वळणाचे. आमच्या शाखेतही एक गृहस्थ असेच काम करतात. त्यातून हे इंग्रज अंगापिंडाने भारी. स्कॉटलंडची मंडळी त्यामानाने काडीपैलवान. अंगावर गेलं तर हाडं शिल्लक राहणार नाहीत, हे ओळखून त्यांनी चेंडू एकमेकांकडे द्यायला सुरुवात केली. सामना ०-० सुटला. पण आज ज्याला आपण पास म्हणतो त्याला बाळसं धरलं ते या स्कॉटिश मंडळींच्या पायाशी. समोरचा गडी जड नसता तर त्यांना ही बुद्धी सुचलीही नसती!

दुसरी नोंद २५ नोव्हेंबर १९५३, लंडनचं वेम्बली. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या संघाकडून इंग्लंड घरात कधी हरला नव्हता. हंगेरीचा हिदेगकुटी पाठीवर नऊ नंबर लावून उतरला. नऊ नंबरवाल्याने अगदी पुढे उभं राहायचं, हा शिरस्ता. हा पठ्ठ्या मागेच राहिला. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या इंग्रज गड्याला कळेना, की याच्यामागे जावं की आपली जागा धरून बसावं. काउंटरवर पाटी आहे आणि क्लार्क नाही, म्हटल्यावर गिऱ्हाईकाचं जे होतं तेच त्याचं झालं. हिदेगकुटीने तीन गोल केले, हंगेरी ६-३ जिंकली, आणि पुढच्या वर्षी बुडापेस्टला ७-१. जागेवर नसणं हा डावपेच असू शकतो, हे मी आमच्या साहेबांना एकदा सांगून पाहिलं. त्यांना फुटबॉलची आवड नाही.

तिसरी नोंद आपली आहे, आणि तिला साताऱ्याचा काठ आहे. १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक म्हटलं की आम्हा सातारकरांची छाती फुगते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ पदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्याच हेलसिंकीत आपल्या फुटबॉल संघाचं काय झालं, ते मात्र आम्ही कधी बोलत नाही. युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं हरवलं. आपले बरेच गडी अनवाणी खेळले होते.

हे दहा गोल सय्यद अब्दुल रहीम यांच्या खात्यावर नावे पडले. हैदराबादचा हा शाळामास्तर आपला प्रशिक्षक होता. मास्तरांनी खातं बंद केलं नाही. पायात बूट आले, पास आले. १९५६ ला मेलबर्नमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले, तर मास्तरांनी त्यालाच पुढे गोल करायला उभं केलं. त्याने उपान्त्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला. दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्णपदक आलं. कुठल्याही गड्याने कुठलंही काम करावं, हा डच लोकांचा १९७४ चा टोटल फुटबॉल जगाने डोक्यावर घेतला. आपल्याकडे बारा वर्षं आधी निदान एका टाके घातलेल्या डोक्यापुरता तो येऊन गेला होता. त्या वेळी मास्तरांना कर्करोगाने गाठलं होतं. १९६३ मध्ये ते गेले.

त्यानंतर आशियाई सुवर्ण आलेलं नाही. उलट ऑगस्ट २०२२ मध्ये 'फिफा'ने आपल्या महासंघालाच निलंबित केलं. पंधरवड्याच्या आत ते उठलं, पण लाज गेली ती गेलीच. २०२५ मध्ये कराराचा तिढा सुटेना म्हणून आयएसएलचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. आणि आमच्या कोल्हापुरात प्रेक्षकांची हाणामारी होऊन सामने बंद पडण्याचे प्रसंग काही कमी आले नाहीत. अशाच एका बंदच्या काळात मी आप्पांना भेटायला गेलो होतो. घरात टीव्हीवर स्पेनमधला सामना चालू होता, आणि आप्पा टीव्हीकडे पाठ करून बसले होते. म्हणाले, "हरल्यालं चालतंय वो. थांबल्यालं चालत न्हाई."

माझी बदली होऊन आता बरीच वर्षं मी सांगलीत आहे. गाव खेळाचं आहे. विजय हजारे इथले, स्मृती मानधना इथली, बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवण्यात नूतन बुद्धिबळ मंडळाने हयात घालवली. तरी सुटीच्या दिवशी मी एसटीने पन्नास किलोमीटर जातोच. अधिकारीपदाच्या परीक्षेला मी बसलो नाही. बढती मिळाली तर बदली कुठे विदर्भात झाली असती. कारण म्हणून आईची तब्येत सांगितली. आई ठणठणीत आहे. आमच्या सौभाग्यवतींना खरं कारण ठाऊक आहे, आणि त्यावर त्या गेली काही वर्षं बोलत आहेत.

मागच्या मोसमात आप्पांना घेऊन पुन्हा त्याच पायरीवर बसलो. आता त्यांना मैदानातला चेंडू दिसत नाही. मी शेजारी बसून सांगायचं आणि त्यांनी मान हलवायची. उत्तरार्धात समोरच्या संघाने मागून चेंडू बाहेर काढला, सहासात पासांत आमची सगळी पेठ उभी चिरली आणि गोल केला. मी गप्प झालो.

"का गप बसलाईसा?"

"त्यांनी गोल केला, आप्पा."

"कसा केला?"

मी सांगितलं. कुणी कुणाला दिला, कोण चेंडू न घेता नुसताच पळाला, आमचा गडी कसा त्याच्या मागे गेला, सगळं सांगितलं. आप्पांनी नीट ऐकलं, आणि थरथरते हात वर करून टाळी वाजवली. त्यांचा एकट्याचा आवाज फार बारीक येत होता, म्हणून मीही वाजवली.

पुढच्या पायरीवरचा एक विशीतला पोरगा गर्रकन वळला. डोळ्यांत जाळ. मला म्हणाला, "काय वो पावनं, तुम्ही कुणाचे?"

या खेपेला आडनाव, गाव, मामा काही सांगितलं नाही. आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "यांचा."

पोरगं आप्पांकडे बघत राहिलं. मग जरा सरकून त्याने त्यांना पाय पसरायला जागा करून दिली.