अर्धा वाटा आणि एक सही

नवरा-बायकोच्या मालमत्तेचा इतिहास आज आपण एका सहीपासून सुरू करू.

समजा, नवऱ्याला वडिलांकडून एक घर मिळालंय. ते त्याच्या एकट्याच्या नावावर आहे आणि त्याला ते विकायचंय. कोल्हापूरला किंवा सावंतवाडीला त्याची एकट्याची सही पुरते. बायकोला विचारायचं की नाही, हा त्यांच्या घरातला प्रश्न. पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात या, तिथे साधारणपणे तेवढ्याने भागत नाही. बायकोलाही खरेदीखतावर सही करावी लागते. ती कुटुंबप्रमुख म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणूनही नव्हे. ती सही करते, कारण अर्धं घर तिचं आहे.

हा फरक आला कुठून? पोर्तुगालमध्ये एक जुनी पद्धत होती. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर ते लग्न ‘राज्याच्या रिवाजाप्रमाणे’ झालं असं धरायचं. म्हणजे काय, तर दोघांचं आधीचं, नंतरचं, कमावलेलं, वारशाने आलेलं, थोडे अपवाद सोडले तर सगळं एकत्र. आणि त्यात दोघांचा निम्मा निम्मा वाटा. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने हा रिवाज कायद्यात बसवला. 1869 च्या फर्मानाने ती संहिता वसाहतींना लागू झाली आणि 1870 पासून गोव्यात अमलात आली. हिंदूंच्या काही चालीरीती 1880 च्या वेगळ्या फर्मानाने राखल्या गेल्या. ठरावीक परिस्थितीत दुसरं लग्न करायची मुभाही त्यात होती. मालमत्तेचा निम्मा वाटा मात्र हिंदू बायकांनाही लागू राहिला.

त्याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानात काय चाललं होतं? 1874 मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आला. बायकोची स्वतःची कमाई तिची स्वतंत्र मालमत्ता, असं त्याने ठरवलं. हिंदू, मुसलमान, शीख, जैन, बौद्ध बायका मात्र त्यातून वगळल्या होत्या. हिंदू बाईसाठी आपल्याकडे स्त्रीधनाची कल्पना होतीच. या दोन्हींमागचा विचार नीट बघा. जे तिचं आहे, ते तिचंच राहील. वाईट नाही. पण जिच्याकडे काहीच नाही, तिचं काय? जिने तीस वर्षं शेतात राबून, भाकऱ्या थापून, गुरं सांभाळून घर उभं केलं आणि सातबाऱ्यावर जिचं नावच नाही, तिला अशा संरक्षणाचा उपयोग काय? रिकाम्या पेटीला कुलूप लावल्यासारखंच ते.

गोव्याचा कायदा वेगळ्या टोकाने सुरू होतो. तू काय आणलंस, किती कमावलंस, असं तो विचारत नाही. लग्न झालं की अर्धं तुझं. म्हणून नवरा गेल्यावर बायको आपला अर्धा भाग घेते, तो वारसा म्हणून नाही. तो आधीपासून तिचाच असतो. वारसांमध्ये वाटणी होते ती नवऱ्याच्या उरलेल्या अर्ध्याची.

आता लगेच टाळ्या वाजवू नका. याच संहितेने मालकी दोघांना दिली आणि कारभार नवऱ्याच्या हाती ठेवला. भाडं कोण घेणार, बागायतीतले नारळ कोणाला विकायचे, हे तो ठरवणार. तो गैरहजर असेल किंवा असमर्थ असेल तरच ती. हा कायदा बायकांवर मेहेरबानी म्हणून आलेला नव्हता, कुटुंबाची मिळकत सांभाळण्याचा तो एक जुना मार्ग होता. अर्ध्या मालकिणीच्या हातात रोजच्या व्यवहारात उरलं काय, तर स्थावर विकताना लागणारी सही. मला वाटतं, या कायद्याचं खरं बळ तिथेच आहे. वाटा कळतो मोडताना. सही लागते मोडण्याआधी. घर जाण्याआधी कोणाला तरी तिच्यासमोर कागद ठेवावा लागतो आणि ती ‘नाही’ म्हणू शकते. अर्थात, दबावाखाली घेतलेली सहीसुद्धा कागदावर सहीच दिसते, हेही विसरू नका.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 1962 च्या कायद्याने तिथले चालू कायदे पुढे सुरू ठेवले. गंमत अशी की खुद्द पोर्तुगालने 1966 मध्ये नवी संहिता केली आणि करार नसेल तर फक्त लग्नानंतर मिळवलेलं सामाईक, असा नियम आणला. म्हणजे मूळ घरी बदललेला नियम आपल्याकडे टिकला. आपल्या आयकर कायद्यातही 1994 मध्ये त्यासाठी खास कलम घालावं लागलं : अशा जोडप्याचं पगाराशिवायचं उत्पन्न दोघांत निम्मं धरायचं.

आणि महाराष्ट्रात? इथे एक वेगळा प्रयत्न झाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली : शेतकऱ्यांनो, थोडी तरी जमीन बायकोच्या नावावर करा. अनेक गावांनी ते केलं. 1992 मध्ये सरकारनेही सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची वाट मोकळी केली. हे मोठंच काम होतं. पण सगळं नवऱ्याच्या मनावर होतं. त्याने मनावर घेतलं तर तिचं नाव लागेल. पुढे घटस्फोटाच्या वेळी बायकोला नवऱ्याच्या स्थावरात वाटा देणारं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं.

म्हणून समान नागरी कायद्याच्या चर्चेत कोणी गोव्याचं उदाहरण दिलं की मी दोनच प्रश्न विचारतो. तिचा वाटा लग्नाच्या दिवशी सुरू होतो, की लग्न मोडल्यावर? आणि घर विकताना तिच्या सहीवाचून अडतं का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्याचं उत्तर कितीही चांगलं असलं तरी घर गेल्यावरच ते तिच्या हाती पडेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.