‘काकूबाई’ची गोष्ट

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख मागायला मंडळाचे कार्यकर्ते घरी आले की मी चहा देते आणि "या वर्षी नको, पुढच्या वर्षी नक्की" असं सांगून त्यांची बोळवण करते. यंदा मात्र विषय मंडपातच सापडला. गेल्या गणपतीत आरतीच्या वेळी माझ्यापुढे दोन मुली उभ्या होत्या. दोघीही आपल्याच मंडळातल्या, बंगळूरमध्येच जन्मलेल्या. एक दुसरीला म्हणाली, "ही साडी नेसायलाच नको होती. अगदी काकूबाई दिसतेय मी!"

साडी चांगली होती, मुलगी त्याहून चांगली होती. पण तो शब्द माझ्या डोक्यात घर करून बसला. काकू म्हणजे चुलत्याची बायको, लग्नकार्यात जिच्या हाती कोठीच्या किल्ल्या असतात ती. तिला वर ‘बाई’ हा मानाचा शब्द जोडला की शिवी कशी होते? इथल्या आमच्या मैत्रिणींना विचारलं, तर हिंदीभाषक मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे बहनजी." तमिळ शेजारीण हसून म्हणाली, "आमच्याकडे मामी." शिवाय इंग्रजीतून आलेली आंटी आहेच. म्हणजे बहीण, काकू, मामी अशी सगळी घरातली मानाची नाती, पण बाहेर कुणाच्या कपड्यांना नावं ठेवायची वेळ आली की हीच नाती कामाला येतात. गंमतच आहे.

मग वाटलं, आपल्या बायकांचं कोणतं नेसणं कधी गबाळं ठरलं आणि ते कुणी ठरवलं, हे जरा मागे जाऊन पाहावं.

सुरुवात नऊवारीपासून करू. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. परकर नाही, पिन नाही, फॉल नाही. पुढे निऱ्या आणि ओचा, मागे काष्टा. विहिरीवर पाणी शेंदा, शेतात भात लावा, जिना चढा, पायात काही येत नाही. धर्मकार्यालाही अशीच सकच्छ नेसण लागे. राजा रविवर्मा बडोद्याला सयाजीराव महाराजांकडे आले आणि पुराणातल्या प्रसंगांची चित्रं त्यांनी काढली. त्यांच्या बऱ्याच नायिका मराठी पद्धतीचं लुगडं नेसलेल्या दिसतात. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि ती चित्रं देशभर भिंतीभिंतीवर गेली. म्हणजे ज्या नेसण्याला पुढे काकूबाईचा शिक्का बसला, ते एके काळी साक्षात देवींना शोभत होतं!

त्याच सुमारास उलट दिशेनंही बदल सुरू झाला होता. सत्येंद्रनाथ टागोर हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ साली त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी मुंबईत आल्या. बंगालमधली तेव्हाची नेसण घरात वावरण्यापुरती होती, त्यात चारचौघांत जाणं अवघड. इथल्या पारशी बायकांचं नेसणं पाहून त्यांनी परकर, पोलकं आणि डाव्या खांद्यावर पदर अशी पद्धत बसवली. कलकत्त्यात तिला ‘बोंबाई दस्तूर’ म्हणत. आज आपण जिला ‘भारतीय साडी’ म्हणतो तिचा एक मोठा धागा असा मुंबईहून गेलेला आहे.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न फॅशनचा नव्हता, थंडीचा होता. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. पण साडी सोडली नाही. १८८५ सालचा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. पेनसिल्व्हेनियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तिघी विद्यार्थिनी, एक जपानची, एक सीरियाची आणि आपल्या आनंदीबाई, तिघीही आपापल्या देशाच्या वेषात. त्या फोटोत कुणीच काकूबाई दिसत नाही. तिघींच्या चेहऱ्यावर ‘आम्ही इथे शिकायला आलो आहोत’ एवढंच आहे.

आता जरा कडू भाग. काही बायकांनी वाईट दिसावं, असा नियमच होता. ब्राह्मणी घरांतून नवरा गेला की केशवपन आणि अंगावर तांबडं आलवण. बऱ्याच घरांत चोळीसुद्धा नाही. मग ती बाई बारा वर्षांची असो की साठ वर्षांची. तिच्याकडे कुणाची नजर जाऊ नये, हाच त्या वेषाचा हेतू होता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. पुढे १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम सुरू झाला. या बायकांना आधी शिक्षण मिळालं आणि मग हळूहळू आलवण गेलं, केस आले.

याच्या शेजारी दुसरं एक वैधव्य ठेवून पाहा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कन्या इंदिराराजे १९१३ मध्ये कूचबिहारला दिल्या. १९२२ मध्ये पती गेले तेव्हा त्या तिशीत होत्या. पांढरं नेसायचं ठरलं, तर त्यांनी फ्रान्सहून तलम पांढरं शिफॉन मागवलं आणि त्याच्या साड्या करून घेतल्या. बघता बघता शिफॉनची साडी संस्थानी बायकांची फॅशन झाली. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी या त्यांच्याच कन्या. दोन्हीकडे वैधव्यच, दोन्हीकडे रंगाचा नियमच. फरक एवढाच की एकीला निवड होती आणि पैसा होता, दुसरीला दोन्ही नव्हतं.

जातीचंही असंच. गावोगाव दलित बायकांनी कसं नेसावं, कोणते दागिने घालावेत, यावर गावाची नजर असे. आखूड लुगडं आणि कथलाचे, चांदीचे जाड गोठ-वाळे यांवरून बाई कोणत्या जातीची हे लांबूनच कळावं अशी व्यवस्था होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर भाषण केलं. लुगडं पायघोळ नेसा, ओळख पटवणारे ते दागिने टाका, फाटकं असलं तरी कापड स्वच्छ ठेवा, असं त्यांचं सांगणं होतं. त्यानंतर लगेचच बायका नव्या पद्धतीनं लुगडी नेसून वावरू लागल्या. चार बोटं लुगडं खाली आलं, पण त्यासाठी केवढं धैर्य लागलं असेल, याचा आपण शहरात बसून विचार करायला हवा.

शहरी मध्यमवर्गात मात्र नेसण्याची शिकवणी एका पुरुषानं घेतली, हे सांगितलं तर आजच्या मुलींना खरं वाटत नाही. बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस. रंगभूमीवर त्यांनी नेसलेलं लुगडं, खांद्यावरून घेतलेला शेला, केसांत माळलेला गजरा, नाकातली नथ हे पाहून घराघरांतल्या बायका तसं करू लागल्या. दुसऱ्या दिवशी आळीत चर्चा गाण्याची कमी आणि पदराची जास्त, असं माझी आजी सांगायची.

मग आली सहावारी, म्हणजे ‘गोल पातळ’. साधारण १९२० ते १९४० या काळात शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी ते आपलंसं केलं. तेव्हा घरोघरी वाद झाले. काष्टा नाही म्हणजे विकच्छ, देवाच्या कामाला चालणार नाही, असं ज्येष्ठांचं म्हणणं. म्हणजे आज जी साडी ‘काकूबाई’, ती तेव्हा ‘आगाऊ’ होती! पुढे दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये सरकारी नियंत्रण आलं. नऊ वारांपेक्षा सहा वार परवडतं, हे मग सासूबाईंनाही पटलं असावं. लुगड्याबरोबर खणाची गाठीची चोळी गेली, पोलकं आलं, झंपर आला, शेवटी ब्लाऊज आला. साठ-सत्तरच्या दशकात नायलॉन आलं. धुवा, झटका, नेसा, इस्त्री नको. नोकरीवर जाणाऱ्या बाईला ते वरदानच होतं. नऊवारी उरली ती आजीची आणि कामवाल्या मावशींची. आणि तिथेच ती ‘गावंढळ’ ठरली.

इथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगायची आहे. आजवर ती मी कुणाला सांगितलेली नाही.

१९८८ साली आई आमच्याकडे बंगळूरला राहायला आली. जन्मभर नऊवारी, आणि तीही इरकली. ह्यांच्या ऑफिसचा वार्षिक कौटुंबिक मेळावा होता. साहेब, त्यांच्या पत्नी, सगळ्या प्रांतांतली मंडळी. मी आईला म्हटलं, "आज गोल नेसशील का? तिथे सगळ्या तशाच असतात." ती एवढंच म्हणाली, "तुला बरं वाटत असेल तर नेसते." माझी एक सिल्कची साडी मी तिला नेसवली. संध्याकाळभर ती एका हातात निऱ्या धरून चालत होती. दोनदा अडखळली. परकराची तिला सवय नव्हती, पदराला पिन लावलेली सहन होत नव्हती. थंडी वाजते म्हणून वर ह्यांचा स्वेटर! त्या दिवशीचा ग्रुप फोटो अजून आमच्याकडे आहे. आईचे किती तरी फोटो आहेत, अंगणात, शेतावर, माझ्या लग्नात. सगळ्यांत ती ताठ उभी आहे. ती काकूबाई दिसते ती फक्त या एका फोटोत, आणि तो वेष मी निवडलेला होता.

त्यानंतर ती आमच्याबरोबर कुठल्या कार्यक्रमाला आली नाही. "तुम्ही जाऊन या, मी देवापाशी बसते," म्हणायची. मी कधी पुन्हा आग्रह केला नाही. तिला नऊवारीतच चल असं म्हणायचं मला सुचलं नाही, की धीर झाला नाही, हे आता सांगता येत नाही. १९९६ साली ती गेली.

गबाळं दिसण्याची साधी कारणंही असतात, ती मी नाकारत नाही. खांद्यावरून उतरणारा ब्लाऊज, खालून डोकावणारा परकर, फॉल न लावलेली साडी, स्टार्चनं फुगलेल्या निऱ्या, आणि आपला बंगळुरी शोध म्हणजे साडीवर स्वेटर आणि खाली मोजे-बूट. यावर उपाय चांगला शिंपी आणि एक मोठा आरसा. पण आईच्या त्या साडीला यातलं कुठलंच कारण लागू नव्हतं. ब्लाऊज बेतशीर होता, फॉल होता, रंगही शोभत होता. ती फक्त तिची नव्हती.

आता काळ पुन्हा फिरला आहे. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटात नऊवारी झळकली आणि शिवलेली नऊवारी दुकानादुकानांत दिसू लागली. ढोलताशाच्या मिरवणुकीत मुली नऊवारी, नथ आणि गॉगल घालून नाचतात. काही ज्येष्ठ नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. ज्यात दोन्ही हात मोकळे राहतात आणि ढोल वाजवता येतो ते नेसणं वाईट कसं?

गेल्या वर्षी प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या दिवशी माझी नात म्हणाली, "आजी, शिवलेली नको. खरी नेसायची आहे." मी ट्रंकेतून आईचं इरकली लुगडं काढलं. इरकल इथून दूर नाही, याच राज्यात बागलकोट जिल्ह्यात, आणि आपला खण जिथला तो गुळेदगुड्डही त्याच जिल्ह्यात. लुगडं आपल्या गावच्या जवळ आलं होतं, पण नेसवणार कोण? मला येत नाही. मी कधी शिकलेच नाही. आई आठ वर्षं माझ्या घरात होती आणि मी तिला एकदाही विचारलं नाही.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या तमिळ मामींना हाक मारली. त्यांच्याकडे नऊवारीच मडिसार नेसतात. ऐंशी वर्षांच्या मामी गुडघ्यावर हात ठेवत वर आल्या, लुगडं हातात घेऊन काठ पाहिला आणि म्हणाल्या, "चांगलं विणलंय." अर्ध्या तासात त्यांनी नातीला उभं केलं. काष्टा आपल्यासारखा हुबेहूब नव्हता, निऱ्यांची जागा वेगळी होती. पण नात खोलीतून बाहेर आली ती ताठ, थेट आईसारखी चालत.

यंदा मामींनी आम्हा दोघींना शिकवायचं कबूल केलं आहे. मंडळातल्या आणखी कुणाला यायचं असेल तर जरूर या. येताना घरातलं एखादं जुनं लुगडं घेऊन या, आणि घरात कुणी काकू, आत्या, आजी नेसणाऱ्या असतील तर आधी त्यांना विचारा.

गणपती बाप्पा मोरया!