यीस्ट पेशीची स्मृती : एका वादाचा इतिहास

अर्जित गुण वारशाने मिळतात काय, हा लामार्कपासून चालत आलेला प्रश्न यीस्टच्या अभ्यासातही उपस्थित होतो. गॅलॅक्टोज मिळताच यीस्टची ‘गॅल’ जनुके कार्यान्वित होतात, ग्लुकोज मिळताच थंडावतात. परंतु गॅलॅक्टोज अनुभवलेल्या पेशींचे वंशज ती पुन्हा अधिक त्वरेने सुरू करतात. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत संशोधन केलेले पी. जयदेव भट आणि हॉपर यांनी १९९२ मध्ये दाखविले की, गॅल-१ प्रथिन विपुल असल्यास गॅलॅक्टोजविनाही ही जनुके जागृत होतात. २००७ मध्ये ब्रिकनर प्रभृतींनी स्मृतीचे स्थान केंद्रकाच्या परिघावर मानले. झकारिउडाकिस प्रभृतींनी मात्र पेशीद्रवात उरलेल्या गॅल-१ प्रथिनात. हे प्रथिन प्रत्येक विभाजनागणिक विरळ होते. सारांश, डीएनएचा क्रम न बदलताही अनुभवाचा वारसा मिळतो. मात्र तो काही पिढ्यांपुरताच टिकतो. लामार्कला अभिप्रेत असलेला स्थायी वारसा तो नव्हे.