होम लोन दुसऱ्या बँकेत नेताना लोन ऑफिसर उत्तरच देत नाही? बारामती-इंदापूरच्या कर्जदारांनी काय करावे?

रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये रेपो दर चार वेळा कमी केला. वर्षाच्या सुरुवातीला 6.50 टक्के असलेला हा दर डिसेंबरमध्ये 5.25 टक्क्यांवर आला. बँकांनी 1 ऑक्टोबर 2019 नंतर दिलेली फ्लोटिंग दराची होम लोन रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असल्याने त्यांचे व्याज लवकर उतरते. त्याआधीची जुनी कर्जे आणि गृहवित्त कंपन्यांची कर्जे यांच्या बाबतीत तसे होईलच असे नाही. अशा वेळी शिल्लक कर्ज कमी व्याजाच्या बँकेत नेता येते. यालाच बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात.

कागद देऊन, सह्या करून झाल्यावर अनेकदा गाडी एका ठिकाणी अडते. लोन ऑफिसर फोन उचलत नाही, किंवा "साहेब, उद्या सांगतो" हे एकच उत्तर महिनाभर मिळत राहते.

उशिराची किंमत किती?

समजा 25 लाख रुपये कर्ज शिल्लक आहे आणि 15 वर्षे बाकी आहेत. 9.50 टक्के दराने हप्ता सुमारे 26,100 रुपये बसतो, तर 8.25 टक्क्यांनी सुमारे 24,250 रुपये. म्हणजे दरमहा 1,850 रुपयांचा फरक. नुसते व्याज पाहिले तर सुरुवातीला एका महिन्याच्या उशिराचे सुमारे 2,600 रुपये जादा जातात. दोन-तीन महिने वाट पाहिली, तर नव्या बँकेच्या प्रोसेसिंग फीएवढी रक्कम त्यातच जाऊ शकते.

आधी हे पाहा: गप्प कोण आहे?

बॅलन्स ट्रान्सफरमध्ये दोन बँका असतात आणि दोघींची कामे वेगळी असतात.

नव्या बँकेने अर्ज तपासणे, वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेणे, घराचे मूल्यांकन करणे आणि मंजुरीपत्र देणे अपेक्षित असते. जुन्या बँकेने कर्जाचा खातेउतारा, तिच्याकडे ठेवलेल्या मूळ कागदांची यादी आणि फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज फेडण्यासाठी नेमकी किती रक्कम लागेल याचे पत्र द्यायचे असते.

नव्या बँकेच्या नावाने फोन करणारी व्यक्ती अनेकदा बँकेची नोकर नसून एजंट असते. त्यामुळे पहिल्याच भेटीत तिचे पद, कर्मचारी क्रमांक आणि अर्जाचा क्रमांक लिहून घ्यावा. अर्ज क्रमांक मिळत नसेल, तर अर्ज बँकेत पोहोचला आहे का, याची शाखेत जाऊन खात्री करावी.

बारामती किंवा इंदापूरच्या शाखेत फाइल दिली, तरी मंजुरीचा निर्णय पुण्यातल्या कार्यालयात होऊ शकतो. तिथे स्थानिक अधिकाऱ्याला फाइल पुढे ढकलण्यापलीकडे अधिकार नसतो. म्हणून "कर्ज कधी होणार?" असे विचारण्यापेक्षा "फाइल सध्या कोणत्या टेबलावर आहे? वकिलाकडे, मूल्यांकनात की मंजुरीत?" असे विचारावे. या प्रश्नाला मोघम उत्तर देणे अवघड जाते.

कागदांमुळे तर अडले नाही ना?

या दोन तालुक्यांत घरांचे कागद सगळीकडे सारखे नसतात. नगरपरिषद हद्दीतल्या फ्लॅटचे कागद वेगळे, एनए प्लॉटवरच्या बंगल्याचे वेगळे आणि गावठाणातल्या घराचे आणखी वेगळे. सातबाऱ्यावर सामाईक नावे असणे, एनए आदेश किंवा बांधकाम परवानगी नसणे, जुन्या सोसायटीचा बोजा इतर हक्कात तसाच राहणे, गावठाणातल्या घराला फक्त ग्रामपंचायतीचा नमुना 8 असणे, अशा कारणांवर वकील शेरा मारतो आणि फाइल थांबते. अधिकारी हे स्पष्ट सांगत नाही आणि कर्जदार वाट पाहत बसतो.

त्यामुळे त्रुटींची यादी लेखी मागावी. बँकेने अर्जाची पोच द्यावी, निर्णयाला किती दिवस लागतील ते कळवावे आणि कर्ज नाकारले तर मुख्य कारण लेखी द्यावे, असे रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत म्हटले आहे.

फोनवर मुदत मोजली जात नाही

कर्जदाराच्या बाजूने तीन मुदती आहेत. त्या मोजायच्या तर हातात तारखेचा कागद हवा. वीस वेळा केलेल्या फोनची नोंद कुठेच होत नाही. एका ईमेलची किंवा शाखेचा शिक्का मारून घेतलेल्या अर्जाच्या प्रतीची होते.

पहिली मुदत 21 दिवसांची. कर्ज दुसरीकडे नेण्याची विनंती मिळाल्यापासून 21 दिवसांत जुन्या बँकेने संमती किंवा हरकत कळवली पाहिजे.

दुसरी मुदत 30 दिवसांची. लेखी तक्रारीला बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

तिसरी मुदतही 30 दिवसांची, पण कर्ज फिटल्यानंतरची. पूर्ण रक्कम भरल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत देणे आणि बँकेने नोंदवलेला बोजा उतरवणे बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. कागद हरवले असतील, तर बँकेला आणखी 30 दिवस मिळतात, पण प्रती मिळवून देण्याचा खर्च तिनेच करायचा असतो.

अर्जात काय लिहावे?

अर्ज चार ओळींचा पुरतो. "माझे गृहकर्ज खाते क्रमांक अमुक आहे. हे कर्ज अमुक बँकेत हस्तांतरित करण्यासाठी फोरक्लोजर लेटर, कागदपत्रांची यादी आणि खातेउतारा मिळावा, अशी विनंती मी अमुक तारखेला केली. आजपर्यंत उत्तर मिळालेले नाही. सात दिवसांत कागद द्यावेत, अन्यथा विलंबाचे कारण लेखी कळवावे."

हा अर्ज शाखाधिकाऱ्याच्या नावे द्यावा आणि त्याच दिवशी ईमेलही करावा. सात दिवसांत काही झाले नाही, तर बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा. तिथेही दाद लागली नाही, तर तक्रार प्रधान नोडल अधिकाऱ्याकडे न्यावी. त्याचा पत्ता बँकेच्या वेबसाइटवर असतो. भाषा सरळ ठेवावी. अधिकाऱ्यावर आरोप करण्यापेक्षा तारखा मांडलेल्या बऱ्या.

वर कोणाकडे जायचे?

व्यापारी बँका आणि 50 कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर विनाशुल्क करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही 1 नोव्हेंबर 2025 पासून या योजनेत आल्या आहेत. गृहवित्त कंपनीची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर करावी लागते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी तालुक्याचे सहायक निबंधक, सहकारी संस्था हे कार्यालय आहे.

या काळात काय करू नये?

जुन्या कर्जाचा हप्ता थांबवू नये. "पुढच्या आठवड्यात ट्रान्सफर होतंय, हप्ता भरू नका" असे कोणी सांगितले, तरी जुने खाते बंद झाल्याचे पत्र हातात येईपर्यंत हप्ता चालूच ठेवावा. एक हप्ता चुकला, तरी क्रेडिट स्कोअर खाली येतो आणि नवी मंजुरीही धोक्यात येते.

कंटाळून एकदम चार-पाच बँकांत अर्ज करू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद क्रेडिट अहवालात होते. फोरक्लोजर लेटरवरची रक्कम ठरावीक तारखेपर्यंतच चालते. तारीख उलटली, तर नवे पत्र घ्यावे.

आणि फोरक्लोजरच्या दंडाची भीती बाळगू नये. वैयक्तिक कर्जदाराच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही. स्थिर दराच्या कर्जासाठी मात्र करारातली अट वाचावी.

त्याआधी एक सोपा मार्ग

जुन्याच बँकेला लेखी विचारावे, "नव्या ग्राहकांना जो दर देता, तो मला मिळेल का?" अनेक बँका थोडे शुल्क घेऊन दर कमी करतात. त्यात नवा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन आणि गहाणाच्या नोटिशीवरचे मुद्रांक शुल्क वाचते. ट्रान्सफर करायचे ठरले, तर हे सगळे खर्च धरूनच हिशेब करावा.

ट्रान्सफर झाल्यावरही एक काम उरते. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून जुन्या बँकेचा बोजा उतरला का, हे पाहावे. सातबाऱ्यावर तो तसाच असेल, तर बँकेचा ना हरकत दाखला जोडून ई-हक्क प्रणालीवर किंवा तलाठी कार्यालयात बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा. हे राहून गेले, तर पुढे घर विकताना किंवा वारसनोंद करताना पुन्हा त्याच बँकेच्या दारात जावे लागते.