हौदापर्यंतची वाट

आज पुण्यातल्या जमिनीखालच्या पाण्याच्या वाटेने चालू या.

बसने कात्रजला उतरलं की तलाव लागतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, इथलं पाणी शहरात नेलं. पंप नव्हता. जमिनीखालच्या दगडी नळातून, उताराच्या जोरावर, ते शनिवारवाड्यापर्यंत जाई. वाटेत हवेसाठी उच्छ्वास होते आणि पेठांमध्ये हौद. घागर घेऊन तिथे जायचं काम बहुधा बायकांचंच.

पण घागर प्रत्येकीची भरत नसे. अस्पृश्य मानलेल्या घरांतल्या बायकांना सार्वजनिक हौदाला हात लावायची मुभा नव्हती. कोणी ओंजळीत ओतेल तेवढंच पाणी.

शनिवारवाड्यापासून फरासखान्याकडे चालत गेलं, की बाहुलीचा हौद लागतो. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी तो आपल्या लेकीच्या, काशीच्या, स्मरणार्थ बांधला आणि सर्व जातींना खुला ठेवला. तिला शिकवलं म्हणून काचा घातलेला खाऊ देऊन मारलं, असं आजही सांगतात.

तिथून पुढे गंज पेठेत फुलेवाडा. १८६८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला.

कात्रजहून वाड्यापर्यंत पाणी उतारानं आलं. तिथून सगळ्यांच्या घागरीत यायला मात्र शंभरावर वर्षं लागली. कधी पुण्यात आलात, तर लेकीला घेऊन ही वाट चाला, आणि दोन्ही हौदांपाशी तिला हे नक्की सांगा.