हृदयाची लय आणि औषधांचे दुधारी शस्त्र

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अनेक रुग्णांत मधूनच एखादा जादा ठोका पडतो. असे ठोके वारंवार पडणाऱ्यांत आकस्मिक मृत्यूचे प्रमाण अधिक दिसे. तेव्हा औषधाने हे ठोके दाबले की मृत्यूही टळेल, असे १९८०च्या दशकात अनेक डॉक्टर मानत. तर्क बिनतोड वाटत होता. अमेरिकेतील 'कास्ट' या चाचणीने तो खोटा ठरविला. फ्लेकेनाइड किंवा एन्केनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी सरासरी दहा महिन्यांत ६३ जण दगावले. औषधी द्रव्य नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. चाचणीत घेतलेल्यांचे जादा ठोके या औषधांनी आधी आटोक्यात आणले होते, हे विशेष. १९८९ मध्ये ही दोन्ही औषधे चाचणीतून थांबवावी लागली. ईसीजीचा कागद सुधारला, रुग्ण मात्र गेला!

असे का व्हावे? सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे कण पेशींत ये-जा करतात, त्यावर ठोक्याचा विद्युतसंदेश अवलंबून असतो. ही ये-जा औषधे रोखतात. झटक्याने व्रण पडलेल्या स्नायूत मात्र संदेश आणखी मंदावून तिथल्या तिथे फिरू लागतो आणि नवीच, जीवघेणी लय जन्माला येते. म्हणूनच फ्लेकेनाइड आजही वापरात असले, तरी ते रचनेने निरोगी हृदयासाठीच.

सोटालॉलची तऱ्हा वेगळी. ते ठोक्यानंतरचा पूर्वस्थितीला येण्याचा काळ लांबविते. मूत्रपिंड अशक्त असेल, किंवा जुलाबांनी रक्तातील पोटॅशियम घटले असेल, तर हेच औषध घातक ठरू शकते.

अमिओडॅरोन हे यांतील सर्वांत प्रभावी औषध मानले जाते. पण २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. त्यामुळे थायरॉइड बिघडू शकते. यकृत व फुफ्फुसांनाही इजा संभवते. शरीरातील चरबीत साठत असल्याने गोळी बंद केल्यावरही त्याचा अंमल कित्येक आठवडे टिकतो. वॉरफेरिन चालू असल्यास रक्त अधिक पातळ होते, म्हणून त्याची मात्रा कमी करावी लागते.

त्या मानाने बीटा ब्लॉकर साधी औषधे. पण झटक्यानंतर मृत्यू टाळण्याच्या कसोटीला तीच उतरली. अमिओडॅरोन घेणाऱ्याने थायरॉइड व यकृताची तपासणी साधारण दर सहा महिन्यांनी करावी. कोरडा खोकला वा दम लागू लागल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे. गोळी परस्पर बंद करू नये.