पद्मिनीचं इंजिन खाली उतरवलंय? मग ही कामं आत्ताच उरकून घ्या

30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची उतरली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवलेली होती आणि मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मुदत आहे, त्यामुळे ती तारीख आधीपासून ठरलेलीच होती. त्या दिवशी सगळ्यांचे स्टेटस हळवे झाले होते. पण गेली ती टॅक्सी. खासगी गाडीला हा 20 वर्षांचा नियम लागत नाही, फिटनेस तपासून तिची नोंदणी 5-5 वर्षांनी वाढवून घेता येते. म्हणून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या सोसायट्यांमध्ये कव्हरखाली झाकलेली एखादी पद्मिनी किंवा तिची थोरली बहीण फियाट डिलाइट अजूनही दिसते.

या गाड्यांचं इंजिन आता कामाला येतंय. सायलेन्सरमधून निळा धूर, ऑइल सारखं कमी होणं, चढावर जीव जाणं ही त्याची लक्षणं. मग मेकॅनिक सांगतो, "साहेब, इंजिन खाली घ्यावं लागेल." चेनपुली लागते, इंजिन बाहेर येतं आणि ब्लॉक लेथवाल्याकडे जातो. तो परत येईपर्यंत गाडी बॉनेटखाली रिकामी पडून असते. हे रिकामे दिवस सोन्यासारखे असतात, आणि बहुतेक मालक ते नुसते फोन करण्यात घालवतात.

हिशोब साधा आहे

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं. चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. आजच्या गाड्यांपुढे हे इंजिन म्हणजे खेळणं, पण ते उतरवणं-चढवणं हे पूर्ण मजुरीचं काम आहे. अनेक पार्ट असे आहेत की वस्तू स्वस्त, पण तिथपर्यंत हात पोहोचवायचा तर पुन्हा इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलावा लागतो. म्हणून प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: इंजिन बसवल्यावर हे करता येईल का? सहज येत असेल तर नंतर करा. नसेल तर आत्ताच.

या प्रश्नात सगळ्यात आधी बसतो क्लच. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकत्र बदलायची. "प्लेट अजून चांगली आहे, बेअरिंग तेवढं टाकू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. फ्लायव्हीलवर चरे किंवा जळाल्याचे निळे डाग असतील तर त्याचंही फेसिंग करून घ्या, आणि त्याच्या कडेची दातेरी रिंग बघा. दाते झिजले असतील तर स्टार्टर कधी पकडतो, कधी नुसता फिरतो. एक सांभाळा: जुन्या क्लच प्लेट आणि ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. तिथली धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून काढायची. गॅरेजमध्ये हे कुणी पाळत नाही, तुम्ही सांगून पाळायला लावा.

नव्या क्लचचा खरा शत्रू मात्र ऑइल आहे. क्रँकच्या मागच्या टोकाकडून आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टकडून ऑइल झिरपतं, ते प्लेटवर येतं आणि क्लच घसरायला लागतो. ही दोन्ही गळती आत्ताच बंद करा. गिअरबॉक्स आवाज करत नसेल तर उगाच उघडू नका, ऑइल सील आणि ऑइल बदलून सोडून द्या. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग तर दिसायला कशीही असली तरी नवीनच टाका. रबर दगडासारखं कडक झालं की नवं केलेलं इंजिनही सगळी गाडी थरथरवतं.

स्टिअरिंगवरचा गिअर आणि ब्रेकच्या नळ्या

ज्यांनी पद्मिनी चालवलीय त्यांना स्टिअरिंगवरचा गिअर आणि त्यातला तो "शोधून काढायचा" दुसरा गिअर आठवत असेल. बहुतेक वेळा दोष गिअरबॉक्सचा नसतो. स्टिअरिंगच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्या आणि त्यांचे छोटे बुश झिजलेले असतात. बॉनेटखाली मोकळी जागा असताना हे काम तासाभराचं आहे, इंजिन बसल्यावर हात वेडेवाकडे घालून करावं लागतं. तेव्हाच स्टिअरिंग बॉक्सची गळती आणि त्याचे बोल्टही बघून घ्या.

ब्रेकवर मात्र काटकसर नको. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि डिलाइटसारख्या जुन्या मॉडेलात चारही चाकांचं सर्किट एकच. म्हणजे एक नळी फुटली की पेडल थेट तळाला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात ते जरा जास्तच ओढतं. मग लोखंडी नळ्या आतून सडतात, बाहेरून पत्ताही लागत नाही. इंजिनच्या बाजूने जाणाऱ्या नळ्या, मास्टर सिलिंडरचं किट आणि रबरी होज आत्ता बदला.

पेट्रोलच्या रबरी नळ्यांची गोष्ट वेगळी आहे. 2025 पर्यंत देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळणं सुरू झालं, आणि ही गाडी बनवताना हा विचार कुणी केलेला नव्हता. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, चिरतं. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर काय होतं हे सांगायला नको. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या घ्या, पेट्रोल पंपाचं डायफ्राम आणि कार्ब्युरेटरचं किटही त्याच दर्जाचं आहे का हे दुकानदाराला विचारून घ्या. शिवाय गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

वायरिंगचा मोठा शत्रू उपनगरात कोण? उंदीर. कव्हरखालची उबदार, अंधारी, न हलणारी गाडी म्हणजे त्यांच्यासाठी फ्लॅटच. पुढची वायरिंग उघडी दिसतेय तोवर वायरमनला बोलवा. कुरतडलेली, टेप मारून मारून जाड झालेली वायर काढून टाका आणि बॉडीला लागलेले अर्थचे जोड घासून स्वच्छ करा. जुन्या गाड्यांच्या निम्म्या "इलेक्ट्रिकल" तक्रारी या अर्थच्याच असतात.

पत्रा, पाणी आणि गंज

रिकाम्या बॉनेटखाली रॉकेलने धुऊन घ्या, मग खरा पत्रा दिसेल. बॅटरीच्या ट्रेखाली ॲसिडने खाल्लेला भाग आणि इंजिन ज्यावर टेकतं तो सांगाडा स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघा. टोक आत गेलं तर आधी वेल्डिंग, मग रंग. वर्सोवा, गोराईकडे राहणाऱ्यांनी जास्तच नीट बघा, खारी हवा पत्र्याला सोडत नाही. आणि रंग पावसाळ्यात मारू नका. दमट पत्र्यावर मारलेला रंग पुढच्या वर्षी पापुद्र्यासारखा निघतो.

रेडिएटर बाहेर आलाच आहे, तर रेडिएटरवाल्याकडून आतून साफ करून घ्या. ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या असतात, त्याही बदला. त्या आतून गंजतात आणि नेमक्या हात पोहोचत नाही तिथली गळायला लागते. नंतर पाणी भरताना नळाचं साधं पाणी नको. बीड आणि ॲल्युमिनियम एकत्र असलेल्या इंजिनला गंजरोधक कूलंटच लागतं, नाहीतर पाण्याच्या वाटा हेडमध्ये खाल्ल्या जातात.

हेड लेथवाल्याकडे आहे तोवर त्याला व्हॉल्व्हच्या सीटबद्दल विचारा. 2000 साली भारतात शिशाचं पेट्रोल बंद झालं. ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला झिजण्यापासून वाचवायचं, त्यामुळे सीट झिजल्या असतील तर नव्या कडक धातूच्याच बसवायच्या.

इंजिन नंबर: इथे चुकलात तर कागदावर अडकाल

ब्लॉक गाडीतून निघाला की आधी इंजिन नंबरचा फोटो काढा आणि तो आरसीशी जुळवून बघा. लेथवाल्याला द्यायच्या पावतीवरही नंबर लिहून घ्या. एकसारखे दिसणारे चार ब्लॉक एका कोपऱ्यात पडलेले असतात, तुमचाच परत येईल याची खात्री तुम्हीच करायची. "बोअर संपलाय, दुसरा ब्लॉक टाकतो" असं कुणी सुचवलं तर थांबा. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, नाहीतर पुढच्या फिटनेसला गाडी अडकते.

दुसरंही कारण आहे. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर "व्हीए" मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. रोजच्या वापराला मात्र अशी गाडी चालत नाही. डिलाइट आणि 1974 च्या आसपासच्या पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्यात. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार असेल तर हा दरवाजा बंद होतो. 1990 च्या दशकातल्या पद्मिनीला अजून वाट बघावी लागेल, पण मूळ इंजिन आत्ता घालवलंत तर तेव्हा ते परत आणता येणार नाही.

कुठे थांबायचं?

"आता काढलंच आहे तर" हे चार शब्द जुन्या गाड्यांचे मारेकरी आहेत. क्लचपासून सुरू झालेलं काम सीट, छत, पूर्ण रंग, एसीपर्यंत जातं, पैसे संपतात आणि गाडी सुटी होऊन पडते. रंग आणि सीट इंजिन असतानाही करता येतात, त्यांना यादीतून काढा. गाडी रस्त्यावर उभी असेल तर जास्तच घाई करा. धूळ खाणारं, बिनइंजिनाचं वाहन महापालिकेला बेवारस वाटू शकतं, आणि नोटिशीचा कागद चिकटल्यावर धावपळ तुमचीच.

पार्टचं म्हणाल तर ही गाडी कुर्ल्यात, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. आज त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे. हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर तिचे पार्ट गल्लोगल्ली मिळायचे. आता ती गिऱ्हाइकं गेली. म्हणून माउंटिंग, सील, ब्रेकचं किट मिळालं की दोन-दोन घेऊन ठेवा. रबर आणि सील थंड, अंधाऱ्या जागी, पिशवीत बंद करून ठेवा. इंजिन बसल्यावर पहिल्या 500 ते 1000 किलोमीटरपर्यंत गाडी दामटू नका, मग ऑइल बदला आणि मेकॅनिककडून हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने पुन्हा तपासून घ्या.